युरोव्हिजन गीतस्पर्धेचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहिती आहे, पुढे गुणांची गणितं आणि अपवाद. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे आणि विजेते २०२५च्या बाझेल इथल्या स्पर्धेपर्यंतचे, तर नियमांतले बदल २०२५ अखेर जाहीर झालेले आहेत.

१. युरोव्हिजन म्हणजे नेमकं काय? ती गायकांची स्पर्धा आहे का?

नाही, ती गाण्यांची स्पर्धा आहे, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. आपल्याकडच्या रिॲलिटी शोमध्ये गायक दुसऱ्यांची गाजलेली गाणी म्हणतात आणि त्यांच्या गळ्याला गुण मिळतात. युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देशाची सार्वजनिक दूरचित्रवाहिनी एक नवं कोरं गाणं पाठवते. स्पर्धक म्हणून नोंद होते ती वाहिनीची, सरकारची नव्हे. सगळी गाणी एकाच रंगमंचावर सादर होतात, त्यांचं थेट प्रक्षेपण होतं आणि सहभागी देश एकमेकांना गुण देतात. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत.

पहिली स्पर्धा १९५६ साली झाली. २०२०चा अपवाद सोडला (प्रश्न २०) तर ती दरवर्षी होत आली आहे. २०२५पर्यंत ६९ स्पर्धा झाल्या, पण विजेती गाणी ७२ आहेत. हा तीनचा फरक कुठून आला ते प्रश्न १३मध्ये आहे.

२. ही कल्पना कोणाची, आणि कशासाठी?

१९५० साली स्थापन झालेल्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची, म्हणजे ईबीयूची. संघटनेच्या कार्यक्रम समितीचे प्रमुख, स्वित्झर्लंडचे मार्सेल बेझान्सों यांनी ती पुढे रेटली. इटलीत १९५१पासून सानरेमो गीतमहोत्सव भरत होता, तो नमुना समोर होता. ऑक्टोबर १९५५मध्ये रोमच्या बैठकीत प्रस्ताव मंजूर झाला.

युद्धानंतरचा युरोप गाण्याने जोडायचा, हा हेतू नेहमी सांगितला जातो आणि तो खोटा नाही. पण तंत्राचा हेतूही तितकाच ठळक होता. उपग्रह अजून आलेले नव्हते. डोंगरांवरच्या मनोऱ्यांतून सूक्ष्मलहरींनी चित्र एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं, आणि तेही एकाच वेळी अनेक देशांत थेट, ही त्या काळी अवघड कामगिरी होती. ते जाळं तपासायला आणि लोकांना दाखवायला गाण्याचा कार्यक्रम सोयीचा होता. ‘युरोव्हिजन’ हे मुळात त्या प्रक्षेपण-जाळ्याचं नाव. म्हणूनच कार्यक्रमाच्या आरंभी वाजणारी धून स्पर्धेची नाही, जाळ्याची आहे. ती सतराव्या शतकातले फ्रेंच संगीतकार मार्क-आंत्वान शार्पांतिये यांच्या रचनेतली आहे.

३. पहिल्या स्पर्धेचा पूर्ण निकाल कुठेच का सापडत नाही?

तो कधी जाहीरच झाला नाही. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरातल्या कुर्साल नाट्यगृहात सात देश जमले: यजमान स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि इटली. प्रत्येकाची दोन गाणी, एकूण १४. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक गुप्तपणे गुण देत होते आणि त्यांना आपल्याच देशाला गुण देण्याची मुभा होती. लक्झेंबर्गचे परीक्षक आले नाहीत, त्यांच्या वतीने स्विस परीक्षकांनी मत दिलं. शेवटी फक्त विजेत्याचं नाव सांगितलं गेलं: स्वित्झर्लंडची लीस आसिया. इंटरनेटवर १९५६ची दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची यादी दिसली तर ती कोणाची तरी कल्पना समजावी.

या गुप्ततेवर टीका झाली आणि १९५७च्या फ्रँकफर्ट स्पर्धेत तीन गोष्टी एकदम बदलल्या. प्रत्येक देशाचं एकच गाणं, स्वतःला मत बंद आणि सगळ्यांसमोर गुणफलक. युरोव्हिजनचं नियमपुस्तक पुढेही असंच घडत गेलं: एखादा घोळ होतो, त्यावर ओरड होते आणि पुढच्या वर्षी नियम येतो. खालची बरीच उत्तरं याच चालीने वाचली तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

४. इस्रायल आणि ऑस्ट्रेलिया युरोपात नाहीत, मग ते कसे?

पात्रता खंडावर ठरत नाही, ईबीयूच्या सदस्यत्वावर ठरते. पूर्ण सदस्य होण्यासाठी देश ‘युरोपीय प्रक्षेपण क्षेत्रा’त असावा लागतो किंवा युरोप परिषदेचा सदस्य असावा लागतो. हे क्षेत्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आखलेलं आहे. पूर्वेला साधारण ४० अंश रेखांश आणि दक्षिणेला ३० अंश अक्षांश अशी त्याची हद्द आहे, त्यामुळे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा मोठा भाग त्यात येतो. इस्रायल १९७३पासून आहे. मोरोक्को एकदाच, १९८० साली आला. त्याला मिळालेले सातही गुण इटलीने दिले होते.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण वेगळं आहे. तिथली एसबीएस वाहिनी १९८३पासून स्पर्धा दाखवत होती आणि प्रेक्षकवर्ग मोठा होता. ६०व्या स्पर्धेसाठी, २०१५ साली, एकदाच म्हणून दिलेलं निमंत्रण पुढे चालू राहिलं. ती वाहिनी ईबीयूची सहयोगी सदस्य आहे आणि सहयोगी सदस्याला भाग घ्यायला निमंत्रण लागतं. ऑस्ट्रेलिया जिंकला तरी स्पर्धा युरोपातल्याच एखाद्या शहरात भरेल, असं ठरलेलं आहे.

५. भारत भाग घेऊ शकतो का?

आजच्या नियमांनी थेट नाही. भारत वरच्या प्रक्षेपण क्षेत्रात बसत नाही आणि युरोप परिषदेतही नाही. ऑस्ट्रेलियासारखं खास निमंत्रण हा एकच रस्ता उरतो, आणि त्यासाठी आधी भारतीय वाहिनीने अनेक वर्षं स्पर्धा दाखवून प्रेक्षक तयार केलेले असावे लागतील. भारतात बसून मत मात्र देता येतं, ते प्रश्न २२मध्ये.

६. भारतात जन्मलेलं कोणी युरोव्हिजनमध्ये गायलं आहे का?

हो, दोघांची नावं सगळ्यांना माहीत आहेत आणि दोघंही ब्रिटनकडून गायले. क्लिफ रिचर्ड यांचा जन्म १९४० साली लखनौचा. १९६८ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते अवघ्या एका गुणाने हरले, स्पेन २९ आणि ब्रिटन २८. स्पर्धेचं रंगीत प्रक्षेपण पहिल्यांदा झालं ते त्याच वर्षी. १९७३ साली ते पुन्हा उतरले आणि तिसरे आले.

एंगेलबर्ट हम्परडिंक यांचा जन्म १९३६चा, मद्रासचा. २०१२ साली बाकूमध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ब्रिटनचं गाणं म्हटलं. सगळ्यात आधी गाण्याचा क्रमांक वाट्याला आला आणि १२ गुणांवर २५वा क्रमांक मिळाला. तोवर चार तासांच्या रात्रीत पहिलं गाणं प्रेक्षकांच्या लक्षात राहत नाही, ही तक्रार जुनीच झाली होती.

७. गायक त्याच देशाचा नागरिक असावा लागतो का?

नाही. ईबीयूचा तसा नियम नाही, एखाद्या वाहिनीने स्वतःसाठी घालून घेतला तर गोष्ट वेगळी. १९८८ साली डब्लिनमध्ये स्वित्झर्लंडसाठी जिंकलेली सेलिन डिऑन कॅनडाची होती. तिनेही ब्रिटनला एकाच गुणाने हरवलं, १३७ विरुद्ध १३६. लक्झेंबर्गचं उदाहरण तर याहून बोलकं आहे: १९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३ असे पाच विजय, पण गायकांपैकी एकही लक्झेंबर्गचा नाही. चौघं फ्रेंच आणि एक ग्रीक वंशाची. मात्र एका वर्षी एकच कलाकार दोन देशांकडून गाऊ शकत नाही.

८. गाण्यावर आणि सादरीकरणावर काय बंधनं असतात?

लांबी तीन मिनिटांच्या आत. १९५७ साली साडेतीन मिनिटांची मर्यादा ठरली होती, पण इटलीचं गाणं पाच मिनिटं नऊ सेकंद चाललं, तर ब्रिटनचं एक मिनिट बावन्न सेकंदांत संपलं. मर्यादा मोडणाऱ्यावर काही कारवाई झाली नाही, आणि नियम कडक झाला तो त्यानंतर. किमान लांबी ठरलेली नाही. फिनलंडने २०१५ साली एक मिनिट सत्तावीस सेकंदांचं पंक गाणं आणलं होतं.

मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं. यात नर्तक आणि साथीचे गायकही मोजले जातात, म्हणून मोठ्या संगीतसमूहांना इथे काटछाट करावी लागते. जिवंत प्राणी चालत नाहीत. मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायचं, वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित असतं. साथीचे आवाज आधी मुद्रित करून वापरायची परवानगी २०२१पासून मिळाली. ती महामारीतली सोय होती, पण टिकली, आणि गाण्याचा ताजेपणा त्याने कमी झाला हे आमचं स्पष्ट मत आहे.

गाणं आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी व्यावसायिकरीत्या प्रसिद्ध झालेलं नसावं. दुसऱ्या देशांतल्या निवडफेऱ्यांतली बरीच चांगली गाणी इथेच अडकतात, कारण गीतकाराने ते गाणं आधीच कुठेतरी चढवलेलं असतं.

वय १६ पूर्ण हवं. १९८६ साली बेल्जियमची सँड्रा किम जिंकली. तिच्या गाण्यातलं वय १५, प्रत्यक्षात ती १३ वर्षांची. १९८९ साली तर फ्रान्सची गायिका ११ वर्षांची आणि इस्रायलचा गायक १२ वर्षांचा होता. नियम १९९०पासून लागू झाला, त्यामुळे सँड्रा किमचा विक्रम कधीच मोडणार नाही.

९. जवळजवळ सगळे इंग्रजीत का गातात? भाषेचा नियम काय आहे?

सध्या नियम नाही, हवी ती भाषा चालते. इतिहास मात्र झोके घेत आला आहे. सुरुवातीला लेखी बंधन नव्हतं, कारण गरज वाटली नव्हती. १९६५ साली स्वीडनने इंग्रजीत गाणं सादर केलं आणि १९६६पासून स्वतःच्या देशाची भाषा सक्तीची झाली. १९७३ ते १९७६ सक्ती उठली, स्वीडनच्या ॲबा या संगीतसमूहाचा १९७४चा इंग्रजीतला विजय याच खिडकीत बसतो. १९७७पासून सक्ती परत आली ती १९९८पर्यंत. या काळात ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टा यांना इंग्रजीचा आयता फायदा मिळतो अशी तक्रार वाढत गेली. आयर्लंड १९९२, १९९३, १९९४ आणि १९९६ असे चारदा जिंकल्यावर ती टाळणं कठीण झालं. १९९९ साली मोकळीक मिळाली.

इंग्रजी आलं म्हणजे बाकीच्या भाषा संपल्या, असं झालं नाही. २००७ साली सर्बियन, २०१७ साली पोर्तुगीज, २०२१ साली इटालियन आणि २०२२ साली युक्रेनियन गाणं जिंकलं. २००३ साली बेल्जियमने चक्क बनवलेल्या भाषेतलं गाणं पाठवलं आणि ते फक्त दोन गुणांनी दुसरं आलं.

१०. पूर्वी मोठा वाद्यवृंद दिसायचा, तो का गेला?

शेवटचा वाद्यवृंद १९९८ साली बर्मिंगहॅमला वाजला. १९९९पासून तो ऐच्छिक झाला. जेरुसलेमच्या यजमान वाहिनीने खर्च वाचवण्यासाठी तो ठेवलाच नाही आणि पुन्हा कोणीच आणला नाही. त्याआधी प्रत्येक देश आपला संगीतसंचालक घेऊन यायचा आणि गाण्यापूर्वी तो प्रेक्षकांना अभिवादन करायचा.

११. सध्या गुण कसे मोजतात?

अंतिम फेरीत प्रत्येक देश दोन संच देतो, एक परीक्षक मंडळाचा आणि एक प्रेक्षकांच्या मतांचा. दोन्ही संचांत आवडीच्या दहा गाण्यांना १२, १०, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण जातात. अकरावा क्रमांक आणि त्याखालचे सगळे शून्यावर. प्रेक्षकांच्या मतांची संख्या देशानुसार कितीही असो, लहान सॅन मारिनो आणि मोठा जर्मनी यांच्या गुणांचं वजन सारखंच.

क्रमाने पाहिलं तर १९९७ साली पाच देशांनी टेलिफोन मतदान करून पाहिलं आणि १९९८पासून ते बहुतेक ठिकाणी आलं. मग शेजाऱ्यांना मत देण्याच्या तक्रारी वाढल्या (प्रश्न १५), म्हणून २००९च्या अंतिम फेरीपासून परीक्षकांना निम्मा वाटा परत मिळाला. तेव्हा दोन्ही निकाल आधी एकत्र करून एकच संच जाहीर व्हायचा. २०१६पासून ते वेगळे जाहीर होऊ लागले आणि त्या पहिल्याच वर्षी गंमत झाली. परीक्षकांची पसंती ऑस्ट्रेलिया, प्रेक्षकांची रशिया, पण बेरजेत ५३४ गुणांसह युक्रेनची जमाला जिंकली.

२०२२च्या दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या मतांत संशयास्पद जुळणी आढळली आणि ईबीयूने ती मतं बाद केली. पुढच्या वर्षापासून उपांत्य फेऱ्या केवळ प्रेक्षकांच्या मतांवर ठरू लागल्या. २०२५च्या निकालानंतर सरकारी पाठबळाच्या जाहिरातमोहिमांवरून वाद झाला, म्हणून २०२६साठी पुन्हा बदल जाहीर झाले: एका व्यक्तीची कमाल मतं २०वरून १०, परीक्षक पाचाऐवजी सात, आणि उपांत्य फेऱ्यांत परीक्षक परत.

१२. १९७४ साली जिंकलेल्या ॲबाला फक्त २४ गुण मिळाले होते, मग २०१७चा विजेता साल्वादोर सोब्राल याचे ७५८ म्हणजे तो तीसपट मोठा विजय का?

मुळीच नाही, आणि ही तुलना वर्तमानपत्रांतही चुकते. गुणपद्धती अनेकदा बदलली आहे. १९५७ ते १९६१, १९६७ ते १९७० आणि १९७४ साली प्रत्येक देशाच्या दहा परीक्षकांकडे प्रत्येकी एकच मत होतं. १९६२ साली ३-२-१, १९६३ साली ५ ते १, १९६४ ते १९६६ साली साधारणपणे ५-३-१. १९७१ ते १९७३ साली प्रत्येक देशाचे दोन परीक्षक, एक २५ वर्षांखालचा आणि एक वरचा, प्रत्येक गाण्याला १ ते ५ गुण देत. ही पद्धत फसली, कारण काही परीक्षक सगळ्यांनाच १ किंवा २ देत आणि आपल्या देशाचा मार्ग सोपा करत. १२ गुणांची पद्धत १९७५ साली स्टॉकहोमला सुरू झाली.

तुलना करायची तर ‘मिळू शकणाऱ्या कमाल गुणांपैकी किती टक्के’ असा हिशेब करावा. भाग घेणाऱ्या (हल्ली मत देणाऱ्या) देशांतून एक वजा करा, एका देशाकडून मिळू शकणाऱ्या कमाल गुणांनी गुणा आणि विजेत्याच्या गुणांना त्या आकड्याने भागा.

१९७४, ॲबा: १७ देश, १६ × १० = १६०, त्यातले २४, म्हणजे १५ टक्के. १९७६, ब्रिटन: १८ देश, १७ × १२ = २०४, त्यातले १६४, म्हणजे ८०.४ टक्के. २००९, नॉर्वेचा अलेक्झांडर रिबाक: ४२ देश, ४१ × १२ = ४९२, त्यातले ३८७, म्हणजे ७८.७ टक्के. २०१७, पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल: ४२ देश, पण दोन संच, म्हणून ४१ × २४ = ९८४, त्यातले ७५८, म्हणजे ७७ टक्के.

म्हणजे विक्रमी ७५८ हे प्रमाणात १९७६च्या १६४पेक्षा कमी भरतात. ॲबाचे १५ टक्केही लहान नाहीत, कारण दहा परीक्षकांची एकेक मतं विखुरली जात आणि त्या वर्षी दुसऱ्या आलेल्या इटलीला १८च मिळाली होती. २०२३पासून ‘उर्वरित जगा’चा संच (प्रश्न २२) वाढला आहे. तो फक्त प्रेक्षकांच्या बाजूचा, म्हणजे कमाल बेरजेत आणखी १२ मिळवायला विसरू नये.

१३. १९६९ साली चार विजेते कसे? आज बरोबरी झाली तर?

माद्रिदच्या त्या स्पर्धेत स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स चौघांना १८ गुण मिळाले. बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता, म्हणून चौघांनाही विजेते ठरवलं. १६ देशांत चार विजेते हे अनेकांना पटलं नाही. पुढच्या वर्षी फिनलंड, नॉर्वे, स्वीडन आणि पोर्तुगाल आले नाहीत, ऑस्ट्रिया आधीच बाहेर होता, आणि ॲमस्टरडॅमला १२च देश उरले. प्रश्न १मधल्या ६९ आणि ७२ यांच्यातला फरक या एका रात्रीचा आहे.

नियम आला, पण त्याची खरी परीक्षा १९९१ साली रोममध्ये झाली. स्वीडन आणि फ्रान्स दोघांना १४६ गुण. १२ गुण किती वेळा मिळाले हे मोजलं तर दोघांचेही चार. मग १० गुण मोजले: स्वीडन पाच, फ्रान्स दोन. स्वीडन जिंकला. सध्याच्या नियमात बरोबरी झाल्यास आधी प्रेक्षकांकडून मिळालेले गुण पाहतात, ज्याचे जास्त तो वर.

१४. शून्य गुण कोणाला मिळाले आहेत?

१९६२ साली पहिल्यांदा, एकदम चार देशांना. १२ गुणांच्या पद्धतीत पहिला १९७८चा नॉर्वे, आणि तो गायक घरी गेल्यावर उलट लोकप्रिय झाला. २००३ साली ब्रिटन. २०१५ साली व्हिएन्नामध्ये यजमान ऑस्ट्रियाच शून्यावर राहिला, सोबत जर्मनी. दोन संचांच्या पद्धतीत शून्य मिळणं जास्त कठीण, कारण दोन्हीकडून कोरं राहावं लागतं. तरीही २०२१ साली ब्रिटनला ते जमलं. त्या रात्री केवळ प्रेक्षकांकडून शून्य मिळालेले देश चार होते: ब्रिटन, जर्मनी, स्पेन आणि यजमान नेदरलँड्स.

१५. शेजारी शेजाऱ्यालाच मत देतात हे खरं का?

पुष्कळ अंशी खरं. ग्रीस आणि सायप्रस यांची १२ गुणांची देवाणघेवाण सभागृह आधीच ओळखतं आणि ओरडतं. पण यामागे नेहमी संगनमत असतं असं नाही. भाषा समजते, गायक ओळखीचा असतो, तेच संगीत दोन्हीकडच्या रेडिओवर वाजतं, आणि स्थलांतरित लोक राहत्या देशातून मायदेशाला मत देतात. जर्मनीतून तुर्कस्तानला वर्षानुवर्षं मिळालेले गुण याच कारणाने.

शेजाऱ्यांच्या मतांवर वरच्या दहांत येता येतं, जिंकता येत नाही. १२ गुण देणारे शेजारी जास्तीत जास्त पाच-सहा, आणि विजेत्याला बहुतेक सगळ्या खंडातून गुण लागतात. पश्चिमेकडच्या देशांची नाराजी २००८च्या आसपास टोकाला गेली, ऑस्ट्रिया तर तीन वर्षं आलाच नाही.

१६. जिंकणाऱ्या देशातच पुढची स्पर्धा होते ना?

बहुधा होते, पण ही प्रथा आहे, हक्क नाही. १९५७ साली ही प्रथाच नव्हती. १९५८पासूनचे अपवाद सहा. १९६०, १९६३, १९७२ आणि १९७४ साली अनुक्रमे नेदरलँड्स, फ्रान्स, मोनॅको आणि लक्झेंबर्ग यांनी असमर्थता दाखवली आणि दर वेळी बीबीसीने जबाबदारी उचलली. १९७९चा विजेता इस्रायल त्याच वर्षी यजमान होता. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा आयोजन केलं नाही, आणि हेगला ठरलेली तारीख त्याच्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाशी जुळल्याने भागही घेतला नाही. आदल्या वर्षीचा विजेता गैरहजर, असं तेव्हा पहिल्यांदा घडलं. सहावा अपवाद २०२३चा: युद्धामुळे युक्रेनऐवजी लिव्हरपूल.

१९९३ साली आयर्लंडने मिलस्ट्रीट या लहानशा गावातल्या घोडेस्वारीच्या बंदिस्त मैदानात स्पर्धा भरवली. रेल्वेमार्गापासून वीजपुरवठ्यापर्यंत सगळं त्यासाठी वाढवावं लागलं.

१७. ‘मोठे पाच’ म्हणजे कोण, आणि त्यांना थेट प्रवेश का?

फ्रान्स, जर्मनी, स्पेन, ब्रिटन आणि २०११ साली परतलेला इटली. ईबीयूच्या खर्चात त्यांच्या वाहिन्यांचा वाटा मोठा असतो. कारण १९९६चं आहे. देश फार झाले म्हणून केवळ ध्वनिमुद्रण ऐकून गाळणी लावली गेली आणि त्यात जर्मनीच गळला. पैसा आणि मोठा प्रेक्षकवर्ग दोन्ही गमावण्याची ही वेळ पुन्हा नको म्हणून २०००पासून चार देशांना कायमचा प्रवेश मिळाला. उपांत्य फेरी २००४ साली आली, दोन फेऱ्या २००८पासून. यजमानालाही थेट प्रवेश असतो.

१८. स्पर्धा अराजकीय आहे म्हणतात, मग एवढे वाद का होतात?

गाण्याच्या शब्दांत, भाषणांत किंवा हावभावांत राजकारण नको असा नियम आहे. देशांच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेत बाकीचं राजकारण दाराबाहेर थांबत नाही.

१९७४ सालचं उदाहरण सर्वांत विलक्षण. ब्रायटनमध्ये पोर्तुगालचं गाणं तळाला राहिलं. तीनच आठवड्यांत, २४ एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या रेडिओवर तेच गाणं वाजलं आणि तो बंडाच्या तयारीसाठी लष्करी अधिकाऱ्यांना ठरवून दिलेला पहिला इशारा होता. दुसऱ्या दिवशी हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षी इटलीने स्वतःचं गाणं असलेली स्पर्धा दाखवायचं टाळलं: घटस्फोटावरचं सार्वमत तोंडावर होतं आणि गाण्यात ‘होय’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

१९७८ साली इस्रायल जिंकत असल्याचं दिसताच जॉर्डनच्या वाहिनीने प्रक्षेपण थांबवलं आणि विजेता म्हणून दुसऱ्या आलेल्या बेल्जियमचं नाव सांगितलं. २००५ साली लेबनॉनने इस्रायलचं गाणं दाखवण्याची हमी दिली नाही आणि पदार्पणाआधीच माघार घेतली. २००९ साली जॉर्जियाच्या गाण्याच्या ओळीत पुतिन यांच्या नावावर श्लेष होता. शब्द बदला असं सांगितल्यावर जॉर्जियाने स्पर्धाच सोडली. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाला वगळण्यात आलं. इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी २०२६च्या व्हिएन्ना स्पर्धेतून माघार जाहीर केली. सात वेळा जिंकलेला आयर्लंड आणि ‘मोठ्या पाचां’पैकी स्पेन एकाच वेळी बाहेर पडणं ही या स्पर्धेने पाहिलेल्या सर्वांत गंभीर घटनांपैकी एक आहे.

१९. सर्वांत जास्त वेळा कोण जिंकलं?

देशांत आयर्लंड आणि स्वीडन, प्रत्येकी सात. त्यांच्यानंतर फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग, प्रत्येकी पाच. १९६९चा संयुक्त विजय पहिल्या तिघांच्या खात्यात धरला आहे. व्यक्तींमध्ये जॉनी लोगन: गायक म्हणून १९८० आणि १९८७, गीतकार-संगीतकार म्हणून १९९२. गायिका म्हणून दोनदा जिंकलेली एकटी लोरीन, २०१२ आणि २०२३. पोर्तुगालला पहिल्या विजयासाठी १९६४पासून २०१७पर्यंत थांबावं लागलं. बक्षीस पैशाचं नसतं. काचेचा मायक्रोफोन मिळतो, तो २००८पासून.

२०. २०२०चा विजेता कोण?

कोणीच नाही. कोरोनामुळे रॉटरडॅमची स्पर्धा रद्द झाली. त्या वर्षी निवडलेली गाणी २०२१ साली वापरू दिली नाहीत, गायक तेच ठेवायला हरकत नव्हती. यूट्यूबवर ‘२०२०चे निकाल’ म्हणून दिसतं ते चाहत्यांनी घेतलेल्या कौलांचं असतं.

२१. जुन्या सगळ्या स्पर्धा पाहायला मिळतात का?

दोन सोडून बाकी सगळ्यांची चित्रफीत आहे. १९५६ची फक्त विजेत्या गाण्याची पुनरावृत्ती चित्रित स्वरूपात उरली, बाकी ध्वनी. १९६४च्या कोपनहेगनची पूर्ण चित्रफीत उपलब्ध नाही, ध्वनिमुद्रण आणि काही तुकडे आहेत. या दोन वर्षांची ‘पूर्ण स्पर्धा’ म्हणून कोणी चढवलेली दिसली तर ती छायाचित्रांवर आवाज जोडून केलेली असते.

२२. भारतातून स्पर्धा कशी पाहायची आणि मत कसं द्यायचं?

स्पर्धा मे महिन्यात असते. अंतिम फेरी शनिवारी मध्य युरोपीय उन्हाळी वेळेनुसार रात्री ९ला सुरू होते, म्हणजे भारतात शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार, रात्रीचे १२:३०. साधारण चार तास चालते. उपांत्य फेऱ्या मंगळवारी आणि गुरुवारी, म्हणून आपल्याकडे बुधवार आणि शुक्रवार. तारीख बघताना एक दिवस पुढे धरायला लोक विसरतात. स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर थेट प्रक्षेपण असतं, ते ज्या देशांत हक्क विकलेले आहेत तिथे बंद ठेवतात.

मतासाठी २०२३पासून ‘उर्वरित जग’ अशी सोय आहे. सहभागी नसलेल्या सगळ्या देशांतली मतं एकत्र मोजतात आणि त्यांचा एक संच, एका देशाइतका, जातो. मत अधिकृत मतदान-संकेतस्थळावरून, सशुल्क, कार्डाने. भारतीय कार्ड इथे बऱ्याचदा नाकारलं जातं. कारण साधं आहे: रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आधीपासून बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही पर्याय आदल्या दिवशीच चालू करून ठेवावेत. रात्री तीनला, मतदानाची काही मिनिटं उरलेली असताना, ते करणं जमत नाही.

जर्मनीत, ब्रिटनमध्ये किंवा दुसऱ्या सहभागी देशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी त्या देशाच्या क्रमांकावरून मत द्यायचं. राहत्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही: म्युनिकमधून जर्मनीला नाही, लंडनमधून ब्रिटनला नाही. उपांत्य फेरीतही आपला देश ज्या फेरीत मतदान करतो त्याच फेरीत मत चालतं. ‘उर्वरित जगा’ला मात्र दोन्ही उपांत्य फेऱ्यांत मत देता येतं, आणि कोणत्याही देशाला.